नाण्याची तिसरी बाजू



या व्याख्यानमालेत बोलण्याचे निमंत्रण मला मिळाले, हा मी माझा बहुमान समजतो. ज्या गुरुवर्यांच्या स्मरणार्थ शाळेने ही माला चालविली आहे, त्यांच्या हाताखाली इंदुरातील अनेक पिढ्या शहाण्या झाल्या. या व्यासपीठावरून आजवर संतवाङ्मय, नाटक, इतिहास, शिक्षण अशा भारदस्त विषयांवर विद्वानांनी आपले विचार मांडले. त्या पंक्तीत बसून हा गृहस्थ नाण्याच्या कडेविषयी बोलणार, हे पत्रिकेत वाचून काहींच्या भुवया उंचावल्या असतील. मराठीच्या प्राध्यापकाने नाण्यांची उठाठेव का करावी, हा प्रश्न रास्तच आहे. त्याचे उत्तर आधी देतो आणि मग विषयाकडे वळतो.

नाण्यांशी माझी गाठ पडली ती मोडी कागदांत. पेशवाईतील हिशेबाचे कागद वाचू लागले की ध्यानात येते की, त्या काळी रुपया म्हणजे रुपया असा सरळ व्यवहार नव्हता. रुपया अंकुशी की चांदवडी की मलकापुरी, हे लिहावे लागे आणि एका जातीचा रुपया दुसरीत मोजताना बट्टा कापला जाई. हा बट्टा पुढे पैशातून माणसात आला आणि नावलौकिकाला बट्टा लागू लागला. कसोटीला उतरलेल्या माणसाला आपण ‘तावून सुलाखून निघालेला’ म्हणतो. तावणे म्हणजे तापविणे आणि सुलाख म्हणजे धातू आतून खरा आहे की नाही हे पाहण्यासाठी पाडलेले भोक. नावाजलेल्या माणसाला आपण ‘नाणावलेला’ म्हणतो, तोही नाण्यासारखा पारखून घेतलेला. पारखी आणि पोतदार ही आडनावे तर या सभागृहातच चार-दोन निघतील. भाषेने नाणे पारखण्याची सारी रीत अशी पोटात जपून ठेवली आहे. शब्दांचा माग काढता काढता मी नाण्यांपर्यंत पोहोचलो आणि तेथेच रमलो.

मात्र एका बाबतीत भाषेने आपली थोडी दिशाभूल केली आहे. नाण्याला दोन बाजू असतात, असे आपण उठता-बसता म्हणतो. वस्तुतः नाण्याला तीन बाजू असतात. छापा, काटा आणि या दोहोंना जोडणारी सभोवतालची कड. ही तिसरी बाजू सहसा कोणी पाहत नाही. परंतु नाण्याची प्रत ठरविणारा तज्ज्ञ ती पाहिल्यावाचून निकाल देत नाही. कडेला पोहोचलेली इजा नाण्याच्या प्रतवारीत कशी मोजली जाते, ती तशी का मोजली जाते आणि ज्यांच्या घरी जुन्या ट्रंकेत चार रुपये पडून आहेत त्यांनी यातून काय घ्यावे, एवढाच माझा आजचा विषय आहे.

प्रथम दोन शब्द वेगळे करून घेऊ. नाणे टेबलावर सपाट ठेवले असता त्याच्या परिघावर जी किंचित उंच वळी दिसते, तिला मी काठ म्हणेन. नाणे उभे धरल्यावर जो अरुंद पृष्ठभाग दिसतो, ती कड. कडेवर ज्या बारीक उभ्या रेघा असतात, ते कंगोरे. काठ हा चित्राचा आणि अक्षरांचा रखवालदार आहे. तो उंच असल्यामुळे घासण्याचा पहिला मार तो स्वतः खातो आणि नाणी एकावर एक नीट रचता येतात. टाकसाळीत पत्र्यातून गोल चकत्या कापतात. मग त्या एका यंत्रातून फिरवून त्यांचा परीघ दाबून उंच करतात. शेवटी चकती दोन ठशांमध्ये दाबली जाते, तेव्हा तिच्याभोवती पोलादी कडे असते. दाबाने धातू पसरून त्या कड्याला भिडतो आणि कड्याच्या आत खाचा असतील तर नाण्यावर कंगोरे उमटतात. म्हणजे तीनही बाजू एकाच क्षणी जन्माला येतात. ज्या नाण्याची कड त्या क्षणीची राहिली नाही, त्याच्या जन्मखुणांपैकी एक पुसली गेली, असे तज्ज्ञ मानतो.

कंगोरे काही शोभेसाठी आले नाहीत. चोरी थांबविण्यासाठी ते आले. नाण्याची किंमत त्यातील सोन्याचांदीवर अवलंबून होती, तेव्हा काठ कातरून चिमूटभर चांदी काढून घेणे आणि नाणे पूर्ण किमतीला खपविणे हा एक धंदाच होता. कोणी थैलीत नाणी घालून ती तासन्‌तास हलवीत आणि तळाशी जमलेली धूळ वितळवीत. इंग्लंडमध्ये १६६२ साली यंत्रावर पाडलेल्या क्राऊन या मोठ्या चांदीच्या नाण्याच्या कडेवर ‘अलंकार आणि संरक्षण’ अशा अर्थाचे लॅटिन शब्द उमटविण्यात आले. हे काम पीटर ब्लाँडो या फ्रेंच कारागिराच्या यंत्राने होई. अक्षरे असलेली कड कातरली तर चोरी लगेच उघडी पडे. तथापि जुनी, हाताने ठोकलेली नाणी बाजारात होतीच आणि त्यांच्यावर कातरीचा सपाटा चालू राहिला. शतक सरत आले तेव्हा सरकारी खजिन्यात जमा होणाऱ्या चांदीचे वजन हवे त्याच्या निम्म्याच्या आसपास उतरू लागले. अखेर १६९६ साली जुने चांदीचे नाणे सर्रास परत घेऊन नव्याने पाडावे लागले. त्याच वर्षी आयझॅक न्यूटन लंडनच्या टाकसाळीत अधिकारी म्हणून रुजू झाले. ते लॅटिन शब्द पुढे १९८३ साली निघालेल्या एका पौंडाच्या नाण्यावरही आले आणि ते गोल नाणे २०१७ साली चलनातून जाईपर्यंत ब्रिटिश माणसाच्या खिशात होते.

आपल्याकडे कंपनी सरकारने १८३५ पासून एकसारखा रुपया सुरू केला. त्याचे वजन १८० ग्रेन, म्हणजे सुमारे ११.६६ ग्रॅम, त्यात शुद्ध चांदी १६५ ग्रेन. कडेला कंगोरे. रुपया घासून वा कातरून त्याचे वजन कपटाने कमी करणे हा १८६० च्या भारतीय दंड संहितेने गुन्हा ठरविला. १९०६ च्या नाणेविषयक कायद्यात, रुपयाचे वजन दोन टक्क्यांहून अधिक घटलेले नसावे, अशी अट होती. दोन टक्के म्हणजे साडेतीन ग्रेनच्या थोडे वर, गुंजभर वजनाच्या दुपटीलाही न पोहोचणारे. १९४० पासून रुपयातील चांदी निम्म्यावर आणली गेली, तेव्हा साध्या कंगोऱ्यांच्या जागी कडेच्या मधोमध खोबण आणि तिच्यात नक्षी आली. साच्यात ओतून बनावट नाणे करणाऱ्याला ती साधणे अवघड जावे, हा हेतू. नाण्याच्या कडेवर राज्यकर्त्यांनी किती पहारे बसविले होते, हे यावरून कळेल.

आता आपल्या होळकरशाहीकडे पाहू. मल्हारनगरच्या टाकसाळीतील सूर्यमुखाचा रुपया आणि महेश्वरचा शिवलिंग-बिल्वपत्राचा रुपया आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिला असेल. ही नाणी हाताने ठोकलेली. त्यांना काठ नाही, कंगोरे नाहीत. ठसा चकतीहून मोठा असल्यामुळे अक्षरे बाहेर सांडलेली. हातोड्याच्या घावाने कडेला चीर गेली असेल तर ती बहुधा जन्माची चीर असते. छत्रपती शिवाजी महाराजांच्या तांब्याच्या शिवराईचेही तसेच. वेडीवाकडी चकती हा तिचा दोष नव्हे. उलट १९३५ साली दुसऱ्या यशवंतराव होळकरांच्या कारकिर्दीत निघालेला तांब्याचा पाव आणा किंवा अर्धा आणा घ्या. तो यंत्राचा, त्याला नीट गोलाई आहे. त्याच्या काठाला खळगा पडला असेल तर तो मागाहून पडला, हे उघड आहे. म्हणून प्रतवारीचे पहिले सूत्र असे की, कडेचा दोष ठरविण्यापूर्वी ती कड मुळात कशी होती हे माहीत पाहिजे. सगळ्या मुलांना एकाच पट्टीने मोजणारा परीक्षक न्यायी ठरतोच असे नाही.

ही प्रतवारीची पट्टी आली कोठून? विल्यम शेल्डन नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९४९ साली आपल्या देशाच्या जुन्या तांब्याच्या सेंटांवर पुस्तक लिहिले आणि त्यात १ ते ७० अशी गुणांची पट्टी मांडली. जेमतेम ओळखू येणाऱ्या नाण्याला १, निर्दोष नाण्याला ७०. आणि मूळ कल्पना अशी की ७० गुणांचे नाणे १ गुणाच्या नाण्याच्या सत्तरपट किमतीचे. किमतीचे ते गणित लवकरच कोलमडले, पण पट्टी टिकली आणि १९७० नंतरच्या दशकात अमेरिकेत ती सर्व प्रकारच्या नाण्यांना लावली जाऊ लागली. १९८६ आणि १९८७ साली तेथे दोन मोठ्या व्यावसायिक संस्था उभ्या राहिल्या, पीसीजीएस आणि एनजीसी. खरेदीदार नाही, विक्रेताही नाही, अशा तिऱ्हाईत तज्ज्ञांनी नाणे तपासायचे, गुण द्यायचे आणि ते चिठ्ठीसह पारदर्शक प्लॅस्टिकच्या पेटीत कायमचे बंद करायचे, अशी ही पद्धत. ६० ते ७० गुण मिळतात ते न वापरलेल्या नाण्याला. त्याखाली वापराच्या झिजेप्रमाणे पायऱ्या उतरत जातात.

या शेल्डनसाहेबांची एक हकीकत सांगण्याजोगी आहे. त्यांच्या निधनानंतर असे उघडकीस आले की, न्यूयॉर्कच्या अमेरिकन न्यूमिस्मॅटिक सोसायटीच्या संग्रहातील उत्तम सेंट त्यांनी उचलले होते आणि त्यांच्या जागी हलक्या प्रतीचे ठेवले होते. जुन्या छायाचित्रांवरील बारीकसारीक खुणा ताडून पाहिल्या, तेव्हा कोणते नाणे मूळचे कोठले हे सिद्ध झाले. गुणांची पट्टी करणाऱ्याची लबाडी नाण्यांवरच्या डागांनी आणि खाचांनी पकडून दिली. व्रण हा दोष असतो, हे खरे. पण तो ओळखही असतो. हा मुद्दा ध्यानात ठेवा, त्याकडे मला पुन्हा यायचे आहे.

आता मुख्य प्रश्न. कडेला इजा असेल तर गुण किती जातात? मी आयुष्यभर उत्तरपत्रिका तपासल्या, त्यामुळे मला हे परीक्षेच्या भाषेत सांगणे सोपे वाटते. पहिला प्रकार किरकोळ इजेचा. हातातून पडून काठाला बारीकसा ठोसा बसला आहे, नाणे वापरातले आहे आणि ती खूण त्या वापराला शोभणारी आहे. येथे परीक्षक एखाद-दोन पायऱ्या खाली येतो किंवा तिकडे कानाडोळाही करतो. खूप झिजलेल्या रुपयाला जी खूण माफ, ती कोऱ्या करकरीत रुपयाला माफ नसते. हुशार मुलाच्या शुद्धलेखनाची चूक जशी अधिक खुपते, तसेच. दुसरा प्रकार ठळक इजेचा. काठ चेपून आतल्या अक्षरांपर्यंत आला आहे, कडेला खोल खाच आहे, तुकडा उडाला आहे किंवा कोणी कड कातरली आहे. येथे गुणांचा आकडा देतच नाहीत. झिजेच्या मानाने नाणे कोणत्या पायरीचे आहे ते शब्दांत लिहितात आणि पुढे कारण नोंदवितात, ‘काठाला इजा’. आपल्या शालेय भाषेत, निकाल राखून ठेवला. तिसरा प्रकार हातचलाखीचा. इजा होती, ती दिसू नये म्हणून कड कानशीने घासली, खळगा भरला, कंगोरे नव्याने कोरले. येथेही आकडा नाही. चिठ्ठीवर ‘काठ घासलेला’ किंवा ‘दुरुस्त केलेले’ अशी नोंद येते.

सगळेच संग्राहक आकडा रोखून धरतात असे नाही. अमेरिकेतील जुन्या तांब्याच्या सेंटांचे जाणकार वजाबाकीची रीत वापरतात. समजा, अक्षरांच्या ठळकपणावरून नाणे २० गुणांचे आहे. पण काठाला दोन ठोसे आहेत. मग ते म्हणतील, ठळकपणा २०, वजा जाता १२. दोन्ही रीतींमागचा विचार एकच. झीज आणि इजा या दोन निराळ्या गोष्टी आहेत. झीज ही अनेक हातांनी मिळून केलेली, सावकाश, सर्वांगावर सारखी. इजा ही एका घटनेची, एका जागची. झिजेला पायऱ्या असतात म्हणून तिला आकडा देता येतो. इजेला पायऱ्या नसतात. प्रत्येक इजा आपली गोष्ट स्वतंत्रपणे सांगते. म्हणून तेथे आकड्याची जागा शब्दाने घ्यावी लागते. मराठीच्या मास्तराला यात आनंद वाटला, तर नवल नाही.

टाकसाळीतच झालेला दोष मात्र इजा म्हणून मोजत नाहीत. कित्येकदा त्याची किंमत वाढते. पत्र्यातून चकत्या कापताना आधीच्या भोकावर पुन्हा कापणी झाली, तर चंद्रकोरीएवढा भाग गेलेली चकती निघते. असेच नाणे घरी कानशीने करता येईल, असे लबाडाला वाटते. पण अस्सल नाण्यात कोर गेलेल्या जागेच्या बरोबर समोरचा काठ दबलेला, अस्पष्ट असतो. कारण काठ उंच करताना दाब समोरासमोर पडतो. एका बाजूला धातूच नसेल तर समोरच्या बाजूला नेट मिळत नाही. घरी कापलेल्या नाण्यात समोरचा काठ ठसठशीत राहतो आणि तोच चुगली करतो. ओतीव बनावट नाण्याच्या कडेवर दोन साच्यांच्या सांध्याची रेघ सापडते. अमेरिकेतील पाच सेंटांच्या काही नाण्यांच्या कडेतून तर बारीक भोक पाडून, आतून टोचून, दुर्मीळ टाकसाळीचे अक्षर वर उठविल्याची उदाहरणे आहेत. छापा-काटा पाहणारा फसतो, कड पाहणारा फसत नाही. तज्ज्ञ कडेच्या बाबतीत इतका कडक का, याचे कारण येथे आहे. शिवाय आरंभीच्या पेट्यांत नाण्याची कड प्लॅस्टिकच्या गोल बैठकीत झाकली जाई. घेणाऱ्याला ती दिसत नसे, म्हणून चिठ्ठीने खरे बोलणे भाग होते. पुढे अमेरिकेत २००७ पासून कडेवर अक्षरे असलेले डॉलर निघाले आणि कड दिसेल अशा पेट्यांची गरज सर्वांनाच पटली.

भारतीय नाण्यांच्या कडेवर सर्वांत अधिक आढळणारी इजा कोणती, असे मला विचाराल तर मी सांगेन, दागिन्याची. पुतळ्यांची माळ, मोहरांची माळ, रुपयांची माळ हे आपल्या आज्या-पणज्यांचे अलंकार. पुतळी हे नाव मुळात व्हेनिसच्या सोन्याच्या नाण्यावरील मानवाकृतींमुळे पडले, असे मानतात. माळेत ओवायचे तर नाण्याच्या डोक्यावर नाके डाग देऊन बसवायचे. डाग देताना आच लागते. त्या भागाची मूळची झळाळी जाते, रंग पालटतो. डागाचा धातू कंगोऱ्यांत भरतो. पुढे कधी अडचणीच्या दिवशी नाके उपटले जाते आणि उरलेला उंचवटा कानशीने सपाट केला जातो. भिंगाखाली तेथे समांतर ओरखडे दिसतात, दोन-तीन मिलिमीटरभर कंगोरे नाहीसे झालेले असतात आणि गोलाई किंचित चपटी होते. नवे कंगोरे कोरले तरी त्यांतील अंतर मूळच्याशी जुळत नाही. चिठ्ठीवर नोंद येते, ‘कडी काढलेली’.

माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याच्या घरची हकीकत सांगतो. आजीच्या गळ्यात राणीछाप अकरा रुपयांची माळ होती. आजी गेल्यावर वाटणीत सहा रुपये भावाकडे आले, पाच बहिणीकडे. भाऊ परदेशी स्थायिक झालेला. तेथे नाण्यांना गुण देऊन घेतात हे त्याने ऐकले होते. रुपये ‘स्वच्छ’ असावेत म्हणून सुटीत आला असताना त्याने एका कारागिराकडून नाकी काढवून कडा घासून घेतल्या आणि वर पॉलिशही करविले. परीक्षकांकडून सहाही रुपये आकड्यावाचून परत आले. तो खिन्न होऊन माझ्याकडे आला आणि म्हणाला, “सर, हा अन्याय नाही का?” मी म्हटले, “बाबा रे, आकडा तुला नाक्यांसकटही मिळाला नसता. परीक्षकाने जे दिसले ते लिहिले.” बहिणीच्या पाच रुपयांना नाकी आहेत, गोफही तोच आहे. एकदा तिने सहज विचारले, “दादा, तुझ्याकडच्यांत आता आजीचे असे काय राहिले?” यावर त्याच्यापाशी उत्तर नव्हते. त्याचे सहा रुपये बाजारातील हजारो घासलेल्या रुपयांसारखे झाले होते. नाक्याने नाण्याचा आकडा घालविला होता, हे खरे. पण आजीचा पत्ताही त्या नाक्यावरच लिहिलेला होता.

येथे मला माझे म्हणणे स्पष्ट करता येईल. कडेची इजा ही नाण्यावर झालेली एक घटना आहे. प्रतवारी ती घटना नाकारीत नाही, तिला नाव देते. आकडा न मिळणे म्हणजे नाणे खोटे ठरणे नव्हे. ते अस्सल आहे, हे तीच चिठ्ठी सांगत असते. परंतु इजा लपविण्यासाठी केलेली डागडुजी दुहेरी हानी करते. चांदी जाते, कंगोरे जातात आणि घटनेची खूणही जाते. इजा झालेले नाणे खरे बोलत असते. घासलेल्या नाण्याला आपण गप्प करतो. परीक्षकाला कड घासलेली आहे एवढेच कळते. का घासली, कोणाच्या गळ्यात ते होते, कोणत्या दुष्काळात वा कोणत्या लग्नात ते उतरविले गेले, हे त्याला कळण्याचा मार्ग नाही आणि ते त्याचे कामही नाही. ते काम घराचे आहे. प्रतवारी नाण्याची अवस्था सांगते. त्याचे चरित्र आपणच लिहून ठेवले पाहिजे.

म्हणून घरी जुनी नाणी असलेल्यांना माझ्या चार सूचना आहेत. नाणे दोन बोटांनी कडेवर धरावे, खाली मऊ फडके अंथरावे. अंगठा चित्रावर टेकवू नये. दिवा तिरपा ठेवून, पाच ते दहापट मोठे दाखविणाऱ्या भिंगातून कड सावकाश फिरवून पाहावी आणि तोलकाट्यावर वजन करून घ्यावे. १८० ग्रेनच्या रुपयात फार तूट आली तर कातर किंवा कानस लागली असण्याचा संभव आहे आणि वजन वाढले तर डागाचा धातू शिल्लक आहे. चिंच, राख, रांगोळी, पॉलिश यांपैकी काहीही लावू नये. देवघरातील भांड्यांचा न्याय नाण्याला लागू नाही. मऊ, तेलकट वास येणाऱ्या प्लॅस्टिकच्या पाकिटांत नाणी ठेवू नयेत. त्या प्लॅस्टिकमधून सुटणारे द्रव्य धातूला हिरवट चिकटा आणते. नाके असेल तर राहू द्यावे. वाकलेली कड सरळ करू नये. आणि एका जाडसर कागदावर, कोणाचे, कोठून आले, माळेत होते का, ही माहिती शाईने लिहून नाण्याशेजारी ठेवावी. सराफ्यात नाणे नेण्याआधी हा कागद लिहावा. तेथून परत आल्यावर आठवण बहुधा किमतीपुरतीच उरते.

जाता जाता एक विचार मनात येतो, तो बोलून टाकतो. आपण इंदूरकर मराठी माणसे म्हणजे या भाषेच्या काठावरची वस्ती. पिढ्यान्‌पिढ्या हिंदी आणि माळवी यांच्या खांद्याला खांदा लावून राहिल्याने आपल्या मराठीच्या कडेला खाचा पडल्या आहेत. पुण्याहून आलेले पाहुणे त्या ऐकून गालात हसतात आणि मनातल्या मनात दोन गुण कापतात. कापू द्यावेत, परीक्षकाचा तो हक्क आहे. काठ हाच मार झेलतो, हे आपण पाहिलेच. या खाचा चलनाच्या आहेत. नाणे कोठे कोठे फिरले हे त्या सांगतात. काळजी वाटते ती कानशीची. घरात मराठी बोलण्याचा संकोच वाटून मुलांच्या जिभेवरून ती घासून काढली, तर उरेल ते गुळगुळीत असेल; पण कोणाच्या घरचे हे कोणाला सांगता येणार नाही. या शाळेने आजवर ते होऊ दिले नाही, याबद्दल इंदूरचा मराठी समाज तिचा ऋणी आहे.

शाळेच्या चालकांना आणखी एक विनंती करून थांबतो. माजी विद्यार्थ्यांच्या घरोघरी अशी नाणी आहेत आणि ज्यांना त्यांची हकीकत ठाऊक आहे, ती माणसे आता थोडी उरली आहेत. आठवी-नववीच्या मुलांना उन्हाळ्याच्या सुटीत एकच काम द्यावे. घरातील वडीलधाऱ्यांना बसवून, एका नाण्याची हकीकत त्यांच्याच शब्दांत उतरवून आणायची; नाणे घरीच ठेवायचे, कागद शाळेत आणायचा. त्या कागदांना गुण देऊ नयेत. ते जपून ठेवावेत.